कारणे द्या

११ मे, अप्पर हट (वेलिंग्टनजवळ)
पुन्हा तेच. बोर्निओतल्या पीटच्या दलदलीतल्या जंगलाचे उपग्रह-फोटो. झाडं गेली तिथे चौकोन, चौकोनासमोर कारण निवडायचं: आग, तोड, शेती, वारा. आज माझे बहुतेक सगळे "आग". रोझ (टीम लीड) खूश, "स्वीट ॲज," म्हणजे इथलं "मस्तच". मला धाकधूक. एका चौकोनात सरळ रेघ आहे. शेऱ्यात मी लिहिलंय, "कालवा, पाणी उपलब्ध." शेजारी कालवा, तरी ओली जमीन जळाली कशी?

१३ मे
बाबांना व्हिडिओवर फोटो दाखवला. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले तरी कालवा म्हटलं की चष्मा पुसून बसतात. त्यांच्या बदल्यांमुळे चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे आई, स्वयंपाकघर आणि बाबांच्या साइट्स.
"पाणी कुठून कुठे जातंय?"
"कालव्यातून जंगलात."
"बघितलंस?"
नव्हतं बघितलं. गृहीत धरलं. नकाशावरून उतार काढला. पाणी जंगलातून नदीकडे.
"मग हा कालवा कसला? चर आहे चर! जमीन सुकवतोय."
कालवा पाणी आणतो, चर काढून नेतो. सहा वर्षांची असताना बांधावर उभं राहून शिकले होते.

१४ मे
जुने फोटो उघडले. आगीच्या आधी चर. चराच्या आधी दाट जंगल. दुसरा चौकोन, तसाच. तिसराही. लाकडं पाण्यावरून वाहून न्यायला चर खणलेले दिसतात. पीट म्हणजे पाण्याखाली न कुजता साठलेला पालापाचोळा, सुकला की सरपणच. आग लागली हे खरं, पण...
निखिल (शेजारचं टेबल, मूळचा कोथरूडचा): "अगं, आग दिसते, आग लिही. सोमवारी रिपोर्ट जातोय."
"माझं चुकलंय."
"कुणाला कळणारे?"
"मला कळलंय ना."
"धन्य आहेस बाई."
माझं कॉन्ट्रॅक्ट जूनअखेर संपतं. आत्ता चूक कबूल करायची म्हणजे...

१५ मे
आईला फोन. वाटलं, धीर देईल. तिने पेपरच काढला.
"प्रश्न काय आहे?"
"कारण कोणतं."
"एकच?"
"फॉर्ममध्ये एकच निवडता येतं."
"आणि आपल्या पेपरात काय असायचं?"
कारणे द्या. अनेकवचन. एकच लिहिलं की ती अर्धा मार्क द्यायची. मी रडायचे. ती द्यायची नाही ती नाहीच.

१८ मे
टीमच्या मीटिंगमध्ये सांगितलं!! ट्रेनमध्ये अप्पर हटपासून वेलिंग्टनपर्यंत एकच वाक्य घोकलं: मी चुकीचं नोंदवलंय. मग चार फोटो क्रमाने लावले. जंगल, चर, सुकलेली जमीन, आग. निखिलने लॅपटॉपवर स्वतःचा पहिला चौकोन उघडला. चर. "च्यायला," अगदी स्पष्ट मराठीत.
रोझ: "म्हणजे हे आपल्या सगळ्यांच्याच नोंदीत असणार." मग माझ्याकडे वळून, "फॉर्म कसा हवा?"
दोन रकाने, म्हटलं. झाडं कशाने गेली, आणि त्याआधी काय झालं.
रिपोर्ट पुढे ढकलला. निघताना रोझने खांद्यावर हात ठेवला, "किया ओरा." इथे हॅलोलाही हेच आणि थँक यूलाही हेच म्हणतात.

२९ मे
नवा फॉर्म भरून झाला. "आग"वाल्या बहुतेक चौकोनांत आधी चर!! रिपोर्टचं पहिलं वाक्य आता माझं: आधी सुकवलं, मग जळलं. कॉन्ट्रॅक्ट वर्षभर वाढलं. निखिलने डेअरीतून (इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात) हॉकी पोकी आइसक्रीम आणलं, बाहेर इथली मे महिन्यातली हुडहुडी. "चरवाल्या बाई, चरा." आईचा मेसेज: पूर्ण मार्क. बाबांचा फक्त अंगठा, सात वेळा.

२ जून
एक चौकोन उरलाय. झाडं उभीच, पण पांढरी पडलेली. जळकं काही नाही, तोड नाही, चर नाही. उतार आधी काढला. उतारच नाही.
रोझ: "आग लिहायची?"
"नाही. अजून कुणी बघितलेलं नाही. दोन्ही रकाने रिकामे ठेव."
ठेवले. बोर्निओतली वाती, आमची तिथली सहकारी, पाणी चढलं की होडीने बघून येणार आहे. रिकामे रकाने तसेच सेव्ह केले.