एका मात्रेची खाज

॥ श्री ॥
मोरजी, पेडणे
१४ जानेवारी २०१७

ती. रघुनाथमामा यांना क्षमाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, इथे सगळी खुशाल आहेत. फोनवर तुमचे कान काम देत नाहीत आणि विमलामामींकडे निरोप दिला तर तो तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याला तीन फांद्या फुटतात, म्हणून हा कागद. आई विचारते, पायांची सूज उतरली का.

काल मामी फोनवर रडल्या. यंदा लईराई देवीची जत्रा झाली की तुम्ही म्हणे खाजे तळायची मोठी कायल भंगारात घालणार आणि धंदा बंद करणार. तुमचा मुलगा साईश कंपनीत लागला, त्याला पाकात हात घालायचा नाही, हे मला कळतं. लोक आता जत्रेत आइस्क्रीम खातात आणि खाज्याच्या राशीसमोर उभे राहून नुसते फोटो काढतात, हेही कळतं. पण मामा, पणजोबांपासून चालत आलेली बेसनाच्या काडीवरची ती आल्या-गुळाची चव तुमच्या हाताबरोबर संपणार ह्या विचाराने मला फार वाईट वाटलं.

म्हणून एक मागणं आहे. मी पणजीला एका क्लासला जाते. तिथे शिकवतात ते असं, की माणसाला काही हवं असलं की तो गूगलच्या चौकटीत शब्द लिहितो. कुठला शब्द महिन्याला किती जण लिहितात ते दाखवणारं एक साधन असतं. त्यातला नेमका शब्द हेरायचा आणि इंटरनेटवरच्या आपल्या पानावर घालायचा. मग गूगल त्या माणसाला आपल्या दारात आणून सोडतो. ह्याला कीवर्ड रिसर्च म्हणतात. सरांनी एखाद्या खऱ्या दुकानाचं पान करून आणायला सांगितलंय. मला तुमच्या खाज्याचं करू द्या. बाहेरगावची मागणी आली तर कायल राहील. नाही आली तर भंगारवाल्याच्या टेम्पोत ती चढवायला मी स्वतः हात लावीन. पानावर फोन नंबर मामींचा देते.

लोभ तुमचा आहेच, होकारही त्याच्यासोबत यावा.
आपली भाची,
क्षमा


॥ श्री ॥
मुळगाव, डिचोली
२३ जानेवारी

चि. क्षमाबाय हिला अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. सूज उतरली, राग उतरला नाही. तुझी मामी रडली ती कायलीसाठी नव्हे. कायल गेली की मी दिवसभर घरात बसणार आणि तिच्या मालिकांच्या आड येणार, ह्या भीतीने रडली.

तुझी विद्या वाचून काही कळलं, काही डोक्यावरून गेलं. गिऱ्हाईक गूगलला विचारणार, गूगल तुला सांगणार, तू मला सांगणार आणि मी ऐकणार नाही, कारण मला ऐकूच येत नाही. तरी हौस आहे तर कर. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग असं मात्र करू नकोस. खाजे मी हातात देतो तसं चोख आहे, त्याच्याविषयी खोटं एक अक्षर लिहायचं नाही. जत्रेपर्यंत वाट बघतो. त्यानंतर माझा शब्द मोडणार नाही, भाचीसाठीसुद्धा.

तुझ्या आईला, मालतीला, आशीर्वाद. तुझ्यावर माया आहे म्हणून इतकं लिहिलं, नाहीतर कार्डावर भागवलं असतं.
तुझा मामा,
रघुनाथ


॥ श्री ॥
मोरजी
१६ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

पेढे वाटा, किंवा खाजेच वाटा. पान तयार झालं आणि लोक येऊ लागले. आठवड्यात हजाराच्या वर माणसं येऊन गेली. क्लासात इतकी कोणाच्याच पानावर आली नाहीत. सोनाली नावाची एक मुलगी तिच्या काकांच्या मोरजीतल्या खोल्यांचं पान करते. ती गेले चार दिवस माझ्याशी बोलत नाही.

युक्ती सांगते. साधनात 'खाजे' घालून पाहिलं तर शोधणारे जवळजवळ कोणीच नाहीत. माझं तोंड एवढंसं झालं. मग इंग्रजी अक्षरांत शेवटचा 'e' काढून पाहिलं, तर अबब, महिन्याला हजारो! मी ओळखलं, बाहेरच्यांना आपला उच्चार जमत नाही, पणजीचं पांजिम करणारे खाज्याची मात्रा कशी सांभाळतील? तेव्हा पानभर त्यांच्याच उच्चारात लिहून टाकलं: 'गोव्याची अस्सल खाज, आता घरपोच.' खाली 'एकदा घ्याल तर विसरणार नाही' असंही आहे.

मामींना म्हणावं, फोन उशाशी ठेवा. आणि तुम्ही आलं किसायला घ्या.

भाचीचं कौतुक राखून ठेवू नये, ते नासतं.
आपली,
क्षमा


॥ श्री ॥
मुळगाव
२७ फेब्रुवारी

चि. क्षमास आशीर्वाद, पण मोजून.

बाय, तू शिकलेली, मी सातवी पास. मला एवढंच सांग, खाज म्हणजे काय हे तुमच्या क्लासात शिकवत नाहीत का? आपल्याकडे अंगाला खोरज येते, हे मान्य. पण घाटावर त्यालाच खाज सुटली म्हणतात, हे मराठी शाळेत गेलेल्या पोरीला ठाऊक नसावं?

पहिला फोन साताऱ्याहून आला. गृहस्थाने विचारलं, हे लावायचं की पोटात घ्यायचं? तुझी मामी म्हणाली, पोटात, चहाबरोबर बरं लागतं. त्याने विचारलं, किती दिवसांत गुण येतो? सोलापूरच्या एका बाईने विचारलं, लहान मुलांना चालतं का. मामी म्हणाली, मुलंच तर जास्त मागतात. मग एकाने खाज नेमकी कुठे आहे ते सविस्तर सांगायला घेतलं, तेव्हा कुठे मामीच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिने फोन माझ्या हातात दिला. मला ऐकू येत नाही ही देवाची कृपा.

आता पुढचं ऐक. मामीने फोन बंद केला का? छे! ती आता इलाज सांगते. कडुनिंबाच्या पाल्याने न्हा, खोबरेल लावा, वांगं बंद करा. जळगावच्या एका मास्तराने बरं वाटलं म्हणून परत फोन केला. गावात तिला डॉक्टरीण म्हणू लागलेत, आणि मला डॉक्टरणीचा घो. खाज्याची मागणी अजून एक नाही. आमच्या तीन पिढ्यांनी जत्रेत मान राखला आणि तू आम्हाला खरजेच्या दुकानात बसवलंस. वाईट वाटतं गो. पान आजच्या आज काढ.

माया आहे, ती रागाखाली झाकून ठेवली आहे.
रघुनाथ


॥ श्री ॥
मोरजी
१० मार्च

ती. मामांस साष्टांग नमस्कार, खरोखरचा, जमिनीला डोकं टेकून.

पत्र मिळालं त्याच दिवशी पान उतरवलं. आईने मला अर्धा तास ऐकवलं आणि मग आत जाऊन हसत बसली. सोनाली पुन्हा माझ्याशी बोलू लागली, हा एक फायदा.

सर रागावले नाहीत. म्हणाले, शब्द किती जण लिहितात हे सगळेच बघतात, पण लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे हे बघायचं असतं. मी हजार माणसं दारात आणली आणि त्यातल्या एकालाही भूक नव्हती. मामा, मला माझीच लाज वाटली.

मग मी परत शोधायला बसले. ह्या वेळी आकडा बघितला नाही. साधनाच्या अगदी तळाशी काही ओळी सापडल्या, ज्या महिन्याला जेमतेम चार-पाच जण लिहितात: 'गोवा जत्रा गुळाचा पदार्थ नाव काय', 'देवळाकडे मिळणारी आल्याची गोड काडी'. म्हणजे नाव गेलंय आणि चव राहिलीय अशी माणसं. सोनाली म्हणते, एवढ्याशा लोकांसाठी कोण पान करतं. मी केलं. खाजे हे नाव मोठ्या अक्षरांत, मात्रेसकट, आणि खाली ते कसं दिसतं, दाताखाली कसं वाजतं, लोक त्याला काय काय म्हणतात, ते साध्या मराठीत. खोटं एक अक्षर नाही.

मागणी येईल असं छातीवर हात ठेवून सांगवत नाही. पण जत्रेपर्यंत तुमचा शब्द आहे, तेवढा धरून ठेवा.

राग निवला असेल तर दोन ओळी लिहा, नसेल तर चार लिहा.
आपली,
क्षमा


॥ श्री ॥
मुळगाव
१३ मे

चि. क्षमाबाय हिला पोटभर आशीर्वाद.

लईराईची जत्रा झाली. तुझ्या पानावरून तोवर मोजून दोन पुडे गेले, तेही एकाच बेळगावच्या बाईला. बोललो होतो तसं केलं. कायल घासून अंगणात काढली, भंगारवाल्याला मंगळवारी ये म्हटलं. मामी पाठ फिरवून बसली. मी आत-बाहेर करत राहिलो.

सोमवारी पुण्याहून फोन आला. बाई काही बोलायच्या आधीच मामीने तिला कडुनिंबाचा पाला सांगितला. बाई म्हणाली, अंगाला काही नाही, एक विचारायचंय. तिचे वडील मूळचे इथल्याच सर्वण गावचे, पन्नास वर्षं पुण्यात. आता विसरतात. मुलीला ओळखत नाहीत, जेवलेलं आठवत नाही. दोन महिने एकच धरून बसलेत, देवीची काडी द्या. तिने उदबत्ती दिली, फेकली. जावयाने काडेपेटी दिली, तीही फेकली आणि म्हातारा रडला. ती पुण्यात जन्मलेली, तिने जत्रा कधी पाहिलीच नाही. शेवटी तिने तेच शब्द गूगलवर घातले आणि तुझं पान निघालं. तिला एवढंच विचारायचं होतं, ही काडी खायची असते का?

मामीने हे मला कागदावर लिहून दाखवलं. मी कायल अंगणातून आत ओढली. जत्रा संपल्यावर खाजेकाराच्या घरी चूल पेटत नाही, पण पेटवली. तळलं, पाकात घोळलं, पुडा बांधला आणि म्हापशाहून पुण्याला जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिला. मंगळवारी भंगारवाला आला, त्याला चहा पाजून लावून दिला.

काल त्या बाईचा परत फोन आला. म्हाताऱ्याने काडी हातात घेतली, बराच वेळ नुसती धरली. मग दाताखाली घातली, डोळे मिटले. आणि डोळे उघडून मुलीला नावाने हाक मारून म्हणाला, आलं कमी पडलंय गो.

मी डब्यातलं उरलेलं तोंडात घालून पाहिलं. बाय, म्हातारा बरोबर बोलला. डिचोलीच्या बाजारात आलं सुकलेलं मिळालं होतं आणि मी घाईत तसंच घातलं. म्हणून परत तळायला बसणार आहे. पेडण्याच्या बाजारात ताजं आलं मिळालं तर पहिल्या बसने पाठव.

लोभाचं पुढच्या वेळी लिहू, आधी आलं.
तुझा मामा,
रघुनाथ