सिमरोलचं पाणकणीस

स्नेहलतागंज, इंदूर
रविवार, १२ सप्टेंबर १९९३

प्रिय चंपा,

सप्रेम जयभीम. आधी एक काम कर, बाकीचं पत्र मग वाच. प्रीतीच्या कपड्यांच्या पिशवीत तळाशी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असेल. त्यात पिवळं पीठ आहे. ते तिला चमचाभरही देऊ नकोस, म्हशीपुढेही टाकू नकोस. घरामागे हातभर खड्डा करून डब्यासकट पुरून टाक. काल मी तो घरभर शोधला. सापडला नाही, म्हणजे निघताना तिनेच तो पिशवीत घातला असणार. कारण सांगण्यासाठीच हे पत्र लिहितोय, पण ते मला एका ओळीत लिहिता येत नाही. परवापासून चार कागद फाडले. दर वेळी कारणाजवळ पोचलो की दुसरंच काहीतरी आठवत जातं. या वेळी जे आठवेल ते लिहीत जातो.

तुम्ही दोघी हातोदला, तुझ्या माहेरी, गेल्याला आज बावीस दिवस झाले. आपल्याकडे नळ साडेपाचलाच येतो, पाणी आता स्वच्छ आहे. समोरच्या सिंधी भाभींनी केबल घेतलीय, त्यांच्याकडे दिवसभर कुणी ना कुणी इंग्रजी बोलत असतं. हे पत्र मी आपल्या पाणकणसाच्या चटईवर बसून लिहितोय. तिची एक कड वाकडी आली म्हणून तू ती कड नेहमी भिंतीकडे करायचीस. आज मी ती माझ्याकडे घेतलीय. वाकडं कुठून व्हायला लागलं ते बघत होतो. सापडत नाही. सुरुवातीच्या दहा पात्या सरळ आहेत, शेवटच्या दहा वाकड्या आहेत, आणि मधे कुठेही चूक दिसत नाही.

ही चटई विणायला मला आबांनी शिकवलं होतं, हे तुला माहीत आहे. पलटणीतून आल्यावर ते महूला छावणीमागच्या तळ्यावर मला घेऊन जायचे. इकडचे लोक ज्याला पटेरा म्हणतात त्याला आबा पाणकणीस म्हणायचे. ते एक कोवळा दांडा उपटायचे, वरच्या पात्या सोलायचे आणि आतला पांढरा गाभा काकडीसारखा मोडून अर्धा मला द्यायचे. कणीस हिरवं असताना भुट्ट्यासारखं उकडायचं, मुळं कुटून पाण्यात खळबळली की तळाला पीठ बसतं, कणीस पिकून फुटलं की त्याचा कापूस उशीत भरायचा. या एका झाडावर अख्खी कंपनी आठवडाभर निभावते असं ते सांगायचे. कुठल्या कंपनीने निभावलं होतं ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. एक गोष्ट ते दर वेळी करायचे. दांड्याला हात लावण्याआधी काठाकाठाने वर चालत जाऊन पाणी कुठून येतं ते बघून यायचे. मला त्याचा कंटाळा यायचा. मी त्यांना चिडवायचो, दगडू हवालदारांचा मुआयना झाला असेल तर खाऊ का?

कापडमिलचं गेट बंद झालं त्यानंतर दुसऱ्या चैत्रात, म्हणजे यंदाच, मी शेजारच्या बंडूबरोबर त्याच्या सासुरवाडीला सिमरोलला गेलो होतो. तिथल्या तळ्यात पाणकणीस माजलं होतं. सायकलच्या कॅरियरला भारा बांधून आणला, तेव्हा तू दारातच हसलीस. म्हणालीस, आता चाऱ्याची भाजी करायची बाकी होती. पण केलीस. राई आणि हिरव्या मिरचीची फोडणी देऊन बेसन पेरलंस, आणि प्रीतीने दुसऱ्यांदा मागून घेतली. चहाच्या टपरीवरच्या लोकांनी बंडूच्या तोंडून ऐकलं आणि आपल्या दारावरून जाताना एकाने मुद्दाम ओरडून विचारलं, क्यों भिया, भैंस के हिस्से का भी खा गए? तू पोळी लाटता लाटता आतूनच म्हणालीस, भैंस को शाम को भेज देना, उसका भी बना दूँगी. ती टपरी आठवडाभर गप्प होती. मिल बंद झाल्यापासून आपल्या घरात इतकं हसू आलं नव्हतं. मला वाटलं, चला, निदान एक वस्तू अशी आहे जी मी घरी आणू शकतो.

मग ते सुरूच झालं. मी सकाळी सायकल काढायचो आणि सिमरोलला जातो म्हणायचो. दिवस मावळायच्या आत भारा घेऊन यायचो. जूनमध्ये कणसांवर पिवळी धूळ आली, ती मी उशीच्या जुन्या अभ्र्यात झटकून गोळा करत होतो, तेव्हा सिंधी भाभी चप्पल न घालताच रस्ता ओलांडून आल्या. अरे, ये तो बूर है, म्हणाल्या. सिंधमध्ये त्यांची नानी याची मिठाई करायची. त्यांनी तुला ते पीठ कापडात बांधून साखर-इलायची घालून वाफवायला शिकवलं, आणि शिकवल्याबद्दल अर्धं पीठ घेऊन गेल्या. त्या पिठाचा रंग हळदीहून एक शेड उजळ होता. मी तुला म्हणालो, हा रंग मला मिलच्या रंगाच्या हौदात कधी जमला नाही. प्रीती दोन दिवस पिवळ्या ओठांनी फिरत होती. राहिलेलं पीठ तू त्या डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवलंस. भाभींचं केव्हाच संपलंय. काल मी त्यांना जाऊन विचारलं. का विचारतोस, म्हणाल्या. त्यांनाही सांगायचं आहे. पण आधी तुला.

जुलैत मी पीथमपूरच्या नव्या कापड कारखान्यात गेलो होतो, आठवतं? घरी येऊन म्हणालो, जागा भरली. जागा भरलेली नव्हती. तिथल्या साहेबांनी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील, मला बसवून चहा दिला. मग कापडाचे दोन तुकडे रंग मोजायच्या मशीनखाली ठेवले. मशीनने आकडा काढायच्या आत मी म्हणालो, दुसऱ्यात निळं जास्त आहे. आकडाही तेच सांगत होता. त्यांना खरंच कौतुक वाटलं. बहुत बढ़िया, म्हणाले, सर्टिफिकेट है? मी अठरा वर्षं रंगखात्यात डोळ्याने शेड मिळवली, त्याचं सर्टिफिकेट कुणी देतं हे मला माहीत नव्हतं. त्यांनी काही वाईट केलं नाही, मलाही वाईट वाटलं नाही. काय वाटलं तेच कळलं नाही. परतीची बस चारला सुटली आणि मी घरी आलो दिवे लागल्यावर. मधे कुठे होतो, ते तू विचारलं नाहीस.

आता ऑगस्टचं लिहितो. त्या शुक्रवारी प्रीती शाळेतून आली ती पोट धरूनच. तू लिंबूपाणी दिलंस, तेही उलटलं. चार दिवस दवाखान्यात. त्याच आठवड्यात गल्लीत आणखी चौघांना उलट्या झाल्या, नळाला गढूळ पाणी येत होतं, हे खरं आहे. आदल्या दिवशीची भाजी तू खाल्लीस, मी खाल्ली, बंडू वाटीभर घेऊन गेला, कुणाला काही झालं नाही, हेही खरं आहे. जूनमध्ये मिठाई खाऊन प्रीती नाचत होती. मग तिलाच का आणि तेव्हाच का, हे मी बावीस दिवस उलटसुलट करून बघतोय. कधी वाटतं नळच होता. कधी तसं अजिबात वाटत नाही. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? तू खरं ते सांगितलंस. ते तुझ्यावर डाफरले, ऐसी जंगली चीज़ धोती भी हो, या यूँ ही खिला देती हो? तू म्हणालीस, तीन पाण्यांनी धुते, पण आणखी एकदा धुवायला हवं होतं. मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. तुझं वाक्य संपलं. मी बोलू शकलो असतो. डॉक्टर पुढच्या पलंगाकडे गेले.

परवा तुझा सुधाकर भिया मंडीच्या कामाने इंदूरला आला होता, तो घरी येऊन गेला. म्हणाला, चंपा चुलीजवळ जात नाही. वहिनी रांधते, वहिनी वाढते, तू दूर भिंतीला टेकून बसतेस. प्रीती म्हणते, आई, तू भरव, तर तू म्हणतेस, माझ्या हातचं नको. सुधाकरला वाटतं आपलं भांडण झालंय. मी त्याला चहा दिला आणि भाव काय चाललाय सोयाबीनचा, ते विचारलं.

चंपा, फक्त पहिला भारा सिमरोलचा होता. त्यानंतरचा एकही नाही. ती पिवळी धूळही नाही. मी सायकल घेऊन मिलच्या मागच्या भिंतीकडे जायचो. तिथे खिंडार पडलंय, त्यातून आत जायचो आणि रंगखात्याच्या कुलूप लावलेल्या दारासमोर बसायचो. काही करत नव्हतो. का जायचो, हे तू विचारशील तर मला अजूनही सांगता येणार नाही. पीथमपूरहून आलो त्या दिवशीही तिथेच होतो. पण सिमरोलला जातो म्हटल्यावर रिकाम्या हाताने कसा येणार, म्हणून तिथल्याच नाल्यातलं पाणकणीस कापून आणायचो. तुला आठवत असेल, दुसऱ्या पाण्यालाही पातेल्यात गुलाबी झाक राहायची. तू विचारलंस, मी म्हणालो, सिमरोलची लाल माती. तू म्हणालीस, सिमरोलची माती तर काळी आहे. मी म्हणालो, मुरूम असेल. तू तिसऱ्यांदा धुतलंस. तो मुरूम नव्हता. तो राणी रंग होता, तुझ्या परकराचा. नोटीस लागली त्या दिवशी आमचा शेवटचा लॉट हौदात अर्धा होता, पुरा करायला कुणी थांबणार नव्हतं, आणि त्या हौदाच्या तळाचं बूच मीच ओढलं. सगळा रंग त्या नाल्यात गेला. रंग पक्का करायच्या ज्या पावडरीला आम्ही कोपरापर्यंत हातमोजे चढवल्याशिवाय हात लावत नव्हतो, तीही त्यात होती. आबांसारखं वर चालत जाऊन बघायची गरज नव्हती. पाणी कुठून येतं ते मला माहीत होतं. पहिल्यांदा दांडा सोलला आणि बुडाशी ती झाक दिसली, तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. एवढ्या दिवसांनी माझी शेड मला परत दिसली होती. हे कसं झालं, मला समजत नाही, आणि समजेपर्यंत थांबलो तर हे पत्र कधीच जाणार नाही.

प्रीतीला त्याच पाण्याने झालं की नळाने, ते मी सांगू शकत नाही. तुझ्या धुण्यामुळे झालं नाही, एवढं मात्र मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दहा पाण्यांनी धुतलं असतंस तरी ते निघालं नसतं. तुझ्या हातांना तू बावीस दिवस दोष देते आहेस आणि मी तो देऊ दिला. मागच्या पानावर त्या हौदात जे जे घालायचो त्याची नावं लिहिली आहेत, आठवतील तेवढी सगळी. ते पान हातोदच्या डॉक्टरांना दाखव, आणि प्रीतीला घेऊन जा. उद्या सुधाकर परत येणार आहे, त्याच्या हाती हे पाकीट देतो. त्याने वाचलं तरी चालेल. गुरुवारी मी अकराच्या बसने येतो. तुम्हा सगळ्यांसमोर हेच तोंडाने सांगेन. घरात घ्यायचं की स्टँडवरूनच परत पाठवायचं, ते तू ठरव. पण गुरुवारची वाट बघू नकोस. पत्र वाचून झालं की डबा पुर, हात धू, आणि प्रीतीला तुझ्या हाताने वरणभात भरव.

तुझाच, ठेवलंस तर,
पंचशील