तानुबाई आणि इतर

जानेफळ,
श्रावणातला बुधवार (तारीख पाहायला उठावं लागेल)

चि. धम्मशीला हिस,

प्रेमानंदमामाचा सप्रेम जयभीम. इकडे सारे ठीक. तुझ्या आईचा, म्हणजे आमच्या बेबीताईचा, गुडघा पाऊस आला की दुखतो आणि ऊन पडलं की नुसता आठवतो. तू बंगळुरूला वेळेवर जेवतेस ना? (पक्ष्यांवर संशोधन करणारी माणसं पक्ष्यांएवढंच खातात, असं बेबीताईचं मत आहे.)

हे पत्र मी तानुबाईंच्या विहिरीच्या काठावर बसून लिहितोय. वर बाभळीला सुगरणींचे खोपे लटकलेत, खाली पाण्यात तेच खोपे उलटे उभे आहेत, आणि या दोन्हींच्या मध्ये मला सारखी डुलकी लागतेय. अक्षर वाकडं गेलं तर समजून घे.

सुगरणीचा नर अर्धा खोपा विणतो, मादी येऊन पाहते, नाही पटला तर उडून जाते, हे तुला मी सांगायला नको. असे किती खोपे नापसंत झाले, त्याच्या रेघा तानुबाई अकरा पावसाळे भिंतीवर कोळशाने ओढत आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यावर मी लेख लिहिला आणि लेखकांची नावं टाकताना लग्नपत्रिकेची रीत पाळली. ज्यांचा हात लागला ते सगळे, वयाच्या क्रमाने, कुणाचा रुसवा नको. पहिल्या तानुबाई, दुसरे उकंडराव (ही बाभूळ त्यांच्या बांधावरची), मग शिडी देणारे, चहा पाजणारे. बावीस जणांत मी एकोणिसावा.

गेल्या महिन्यात आमच्या प्राचार्यांनी फर्मान काढलं. परिसरशास्त्र आणि उत्क्रांतीवाल्या शास्त्रज्ञांची जगभराची क्रमवारी आलीय, प्रत्येकाने आपला नंबर छापून आणावा. आपल्या लेखांचा दुसऱ्यांनी किती वेळा उल्लेख केला यावरून तो ठरतो म्हणे, आणि पहिल्या नावाला मान जास्त. मी शोधलं. मी कुठेच नव्हतो. तानुबाई मात्र होत्या, एक लाख बेचाळीस हजारांच्या आसपास. (मला यादीबिदीचं काही वाटत नाही, हे तू जाणतेसच.) कारण आमच्या लेखाचा अख्ख्या जगात एकदाच उल्लेख झालाय, तोही तू केलेला: ‘तानुबाई आणि इतर’.

तो कागद मी हौसेने पारावर वाचून दाखवला, तिथेच चुकलो. उकंडराव ताडकन उठले. “बाभूळ माह्या धुऱ्यावरची, अन् मी इतर? काऊन?” शास्त्रात लांबलचक नावं अशीच आटोपतात, हे मी परोपरीनं सांगितलं. पण पत्रिकेत ‘आणि इतर’ छापलं तर लग्नाला कोण जाईल, असं त्यांनी मलाच विचारलं. पोळा झाला की बाभळीला कुऱ्हाड लावतो म्हणालेत. चौतीस खोपे आहेत गं, नऊमध्ये पिल्लं आहेत. 

आत्ताच डुलकीत पाहिलं, जगातले सगळे शास्त्रज्ञ या बाभळीला लटकून खोपे विणताहेत, एका फांदीवर मीही. एक मादी येते, काडी ओढून बघते, पुढे जाते. कुणाचा नंबर कितवा, ती विचारतच नाही. माझ्या खोप्यापाशी ती जरा थांबली, आणि मला इतकं बरं वाटलं की जाग आली.

प्रकृतीस जप.

तुझा मामा,
प्रेमानंद (एकोणिसावा)

ता. क. पुढच्या लेखात ‘तानुबाई, उकंडराव आणि इतर’ असं छापशील, एवढं तुझ्या संस्थेच्या कागदावर लिहून पोळ्याआधी पाठव. शिक्का मार, उकंडराव आधी शिक्का बघतात. माझं नाव नको. मी इतरांतच बरा.

ता. क. २. पत्र वाचून दाखवलं तेव्हा तानुबाईंनी विचारलं, “अन् मास्तर, तुमचं नाव कुठी हाय?” मी म्हटलं, इतरांत. त्या म्हणाल्या, “मंग पोरीले सांगा ना, मामाचंबी टाक म्हनावं.” मी सांगत नाहीये. त्यांचा निरोप फक्त कळवला.