बुजवलेलं खिंडार

३ ऑक्टोबर
जिथे गवतही धड उगवत नाही, अशा या उंच माळावर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी शेती का केली असेल? मला माहीत नाही. पण ते शोधायचा पगार मिळतोय! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पोरगी दगडांची डॉक्टर झाली, असं बाबा गल्लीभर सांगत सुटलेत. घरमालकीण काकूंनी दिलेली खोली छान उजेडाची आहे. खिडकीतून त्या जुन्या शेतांचे दगडी बांध दिसतात, गुडघाभर उंच, शेवाळलेले. इतकं शिकून शेवटी धोंडेच मोजायचे ना, म्हणून काकू पोट धरून हसल्या.

६ ऑक्टोबर
प्रत्येक शेताच्या बांधाला जाण्यायेण्यापुरतं एक खिंडार आहे. सगळ्यात मोठं शेत मोजून झाल्यावर मी आत उभी राहून पडलेले दगड रचले आणि त्याचं खिंडार बुजवलं. फोटोत शेत पूर्ण दिसावं, एवढंच. मग बांध ओलांडून परत आले. जेवताना हे सांगितलं, तर काकूंचा घास हातातच राहिला. पीक निघालं की खिंडार उघडं ठेवायचं, नाहीतर राबणाऱ्यांना घरी जाता येत नाही, म्हणाल्या. ते केव्हाच मेले की, मी म्हटलं. काकू हसल्या नाहीत. दगड आतून रचलेस की बाहेरून, एवढंच विचारलं.

८ ऑक्टोबर
दगड काढायला शेतात गेले. एकही हलेना. बांध आता कमरेला लागतोय. ओलांडला, की पलीकडे पुन्हा तेच शेत. काकूंच्या हाका ऐकू येतात. त्या दिसत नाहीत.

९ ऑक्टोबर
बांध डोक्याच्या वर गेलाय. इथे आणखी माणसं आहेत. वाकून दगड वेचतात, मान वर करत नाहीत. माझ्या नखांत माती — मी कधी वेचायला लागले?
पलीकडच्या बाजूला नवं खिंडार पडलंय. धावत त्यातून बाहेर पडले — ती आतच. ते फक्त आत घेण्यासाठी आहे.

१० ऑक्टोबर
धाकट्या बहिणीला फोन लागला. काकूंनी घरी कळवलंय. धाकटी मला न्यायला निघालीय. येऊ नकोस म्हटलं. डिग्री मिळाली म्हणून हुकूम सोडू नकोस, ताई, म्हणाली, आणि — बॅटरी संपली.
तिला खिंडार दिसेल. ती सरळ आत —

११ ऑक्टोबर
धाकटी बाहेर हाका मारतेय. बांधाभोवती फिरतेय, रडतेय. वाट सापडत नाही तिला. मी ओ दिली नाही. उजाडताच मी ते नवं खिंडार बुजवलंय, आतून, एकही फट न ठेवता.