एथेल हा पलंग होता

शनिवारी दुपारी आम्ही दोघी किटलीभर उकळतं पाणी घेऊन लोखंडी पलंगांच्या सांध्यांत ओतायचो. बोर्डिंगमध्ये ढेकूण मारायचं काम मोठ्या मुलींकडे असे. दुर्गा किटली धरायची, मी फडकं. माझ्या पलंगाचं नाव मेबल, तिच्या पलंगाचं एथेल. "एथेलला ढेकूण फार गं," ती म्हणायची, "परदेशी रक्त गोड असेल." सत्तावन्न वर्षांपूर्वीची ही दुपार मला शब्दाशब्दाने आठवते, यावरून माझी बुद्धी जागेवर आहे हे वाचणाऱ्याने मान्य करावं. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, पण त्यात मुख्यतः माझ्या रक्तदाबाचं कौतुक आहे.

मी, ग्रेसी पास्कोल नूनिस, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, निवृत्त मराठी शिक्षिका, राहणार खोताची वाडी, गिरगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने करत आहे. कोणी मला भरीस घातलेलं नाही. उलट परळच्या सेंट बिबियाना शाळेच्या शताब्दी समितीने मी काहीच लिहू नये अशी इच्छा दोनदा लेखी कळवली आहे. यापूर्वीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी शाळेला बरंच काही ठेवलं होतं. तेव्हा मी साठीची होते आणि भोळी होते.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ऋग्वेदा त्रिलोकेकर हिने करावी. ती वकील आहे, फणसवाडीत राहते, आणि दुर्गाचा धाकटा भाऊ मनमोहन याची नात आहे. ती मला ग्रेसीआजी म्हणते आणि माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढते. सहसा नसतात.

कलम २. खोताच्या वाडीतलं माझं राहतं घर, माळा आणि जिना धरून, माझा पुतण्या गॅविन याला द्यावं. तो अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात असतो आणि घराचा फोटो बघून "सो क्यूट, आंटी" एवढंच म्हणतो. त्याने ते विकलं तर मी अडवू शकत नाही. फक्त विकण्यापूर्वी आठ दिवस त्यात राहून बघावं, पंखा न लावता.

गॅविनने माझ्यावर एक उपकार केला, तोही नकळत. नाताळात तो वाइन पाठवतो. एका वर्षी वाइनऐवजी त्याने तिकडच्या चिकासॉ लोकांच्या मुलींच्या बोर्डिंग शाळेचा इतिहास पाठवला, बहुधा दुकानात तोच स्वस्त होता. मी तो दोनदा वाचला. मूळ रहिवासी लोक, आपल्या भूमीवरून हाकलून दुसरीकडे नेलेले, आणि तिथे जाऊन त्यांनी काय केलं, तर मुलींसाठी शाळा काढली. मिशनरी आले, गेले, पण पुढे कितीतरी वर्षं शाळा त्या लोकांनी स्वतः चालवली. मग सरकारने ताब्यात घेतली. इमारत जळली, जागा बदलली, शेवटी नावही बदललं. हे सगळं कोणीतरी शोधून, म्हाताऱ्या झालेल्या मुलींना विचारून लिहिलं. काहींना शाळा आवडली होती, काहींना नाही, आणि दोन्ही तसंच ठेवलं. कोणावर पॉलिश नाही.

पुस्तक मिटलं तेव्हा माझ्या मनात आलं, आमच्या चोवीस पलंगांवर कोण कोण झोपलं हे कोणी लिहिलंय का? कोणीच नाही. म्हणून मी लिहायला बसले. नऊ वर्षं लागली.

कलम ३. ज्यांनी बोर्डिंग पाहिलं नाही त्यांच्यासाठी हे कलम. पाहिलेल्यांनी गाळलं तरी चालेल.

प्रत्येक पलंगाचा खर्च परदेशातली एकेक बाई देत असे आणि पलंगाला तिच्या आवडीचं नाव असे, पितळी पट्टीवर कोरलेलं. मेबल, एथेल, विनिफ्रेड. जी मुलगी त्या पलंगावर झोपेल तिला बोर्डिंगमध्ये तेच नाव. ती गेली की पुढची मुलगी त्याच नावाची. दर डिसेंबरात पलंगाच्या नावाने सही करून त्या बाईला इंग्रजीत आभाराचं पत्र जायचं, म्हणजे तिला वाटावं की आपली मुलगी तिथे सुखात आहे. पलंगाला एथेल नाव देणाऱ्या बाईंची स्वतःची एथेल लहानपणीच वारली होती. त्या बाईंबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांना कोणी खरं सांगितलंच नाही.

माझी आई वारली होती आणि वडील जहाजावर शिंपी होते, म्हणून मी तिथे. दुर्गाचे वडील काळबादेवीला कापडाच्या पेढीत कारकून होते. ते गेल्यावर तिची आई लोकांकडे स्वयंपाक करायची, म्हणून ती तिथे. भेटीच्या रविवारी तिची आई फाटकावर "दुर्गा त्रिलोकेकर" म्हणून चौकशी करायची आणि फाटकावरची बाई सांगायची, अशी कोणी मुलगी नाही. तिसऱ्या महिन्यात त्या माउलीने स्वतःच्या मुलीला "एथेल" म्हणून मागायला शिकून घेतलं.

कलम ४. शताब्दी स्मरणिकेची माझी प्रत श्रीमती ब्रेंडा फुर्टाडो, संपादिका, यांना परत करावी. त्यात मी लाल शाईने एकशे नऊ चुका दाखवल्या आहेत. पुढे कंटाळा आला.

ब्रेंडा माझ्या वर्गात होती, पण डे-स्कॉलर. चार वाजता तिला न्यायला गाडी यायची. बोर्डिंगमध्ये ती एक रात्रही झोपली नाही, तरी "आमचे मंतरलेले वसतिगृह" हा सतरा पानी लेख तिचा आहे. त्यात आमटीचा घमघमाट आहे. आमटीला वास नसायचा, कारण तिच्यात डाळ नसायची.

गेल्या वर्षी एथेलच्या बाईंच्या नातेवाइकांनी पत्रांचा गठ्ठा शाळेला परत पाठवला. समितीने तो उघडला आणि शोध लावला, की एथेल नावाची एक आदर्श विद्यार्थिनी या संस्थेशी अडतीस वर्षं पत्रातून एकनिष्ठ राहिली. अडतीस वर्षं एथेल बारा वर्षांची आहे आणि अजून भागाकारच शिकते आहे, हे समितीच्या सात पदवीधरांपैकी एकालाही खटकलं नाही. हस्ताक्षर दर तीन वर्षांनी बदलतं, तेही नाही. त्यांनी नव्या सभागृहाला एथेल हॉल नाव दिलं आणि बाहेर संगमरवर लावला.

मी प्रकाशनाच्या दिवशी ब्रेंडाला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "एथेल हा पलंग होता."

"कसला पलंग?"

"लोखंडी. खिडकीजवळचा, तिसरा."

तिने मला समोसा दिला. "ग्रेसी, आता दगडावर कोरून झालंय गं. पलंग काय, मुलगी काय, फीलिंग इम्पॉर्टंट. आणि हे बघ, तुझी ती वही आहे ना नावांची, ती आम्हाला दे. आम्ही आर्काइव्हमध्ये जपून ठेवू."

"छापणार?"

"जपून ठेवू म्हटलं ना."

मी समोसा खाल्ला. चांगला होता. समितीच्या कामात तेवढंच.

कलम ५. स्मरणिकेच्या बाराव्या पानावर एथेलचं एक पत्र नमुना म्हणून छापलं आहे, डिसेंबर १९६८ चं. खाली ब्रेंडाची ओळ: "किती निरागस आनंद." ते अक्षर माझं आहे.

दुर्गा त्या वर्षी गणपतीनंतर विषमज्वराने गेली. चौदा वर्षांची होती. पाच दिवस ताप होता आणि चार दिवस तिला जिरेपाणी दिलं. पाचव्या दिवशी इस्पितळात नेलं. पलंग एक आठवडा रिकामा राहिला, मग पनवेलकडची एक लहान मुलगी आली आणि एथेल झाली. तिला इंग्रजी येईना. डिसेंबर आला तेव्हा बोर्डिंग सांभाळणाऱ्या मदर क्लेमन्सने मला बोलावलं. माझं अक्षर वळणदार होतं.

मी विचारलं, "मदर, काय लिहू?"

"एथेल चांगली आहे असं लिही. दरवर्षी तेच लिहितात."

मी लिहिलं. माझी तब्येत उत्तम आहे, माझं वजन वाढलं आहे, मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करते. खाली सही केली. मदरने मला एक गोळी दिली, लिमलेटची, आणि मी ती खाल्ली. ब्रेंडाचा समोसा मी खाल्ला त्यावरून मला हसायचा कोणाला हक्क असेल तर तो या गोळीमुळे. समितीचा मला तिटकारा आहे हे खरं, पण त्यांनी जे अज्ञानाने केलं ते मी माहीत असून केलं होतं, आणि हे मी आजवर कोणालाही सांगितलं नाही. मनमोहनलाही नाही. तो दर नाताळात माझ्याकडे आमच्या तळलेल्या गोड कुलकुल्या खायला येतो.

कलम ६. मूळ मसुद्यात त्या पत्राची छायाप्रत आणि एथेलची पितळी पट्टी (बोर्डिंग बंद होऊन पलंग भंगारात निघाले तेव्हा मी स्क्रूड्रायव्हर नेऊन ती काढून आणली, याला चोरी म्हणायचं असेल तर म्हणावं) माझ्या मृत्यूनंतर मनमोहनला द्यावी असं होतं. ऋग्वेदाने ते वाचलं आणि लॅपटॉप बंद केला.

"ग्रेसीआजी, आजोबांना हे आत्ता सांगा ना. मृत्युपत्रातून कशाला?"

"मेल्यावर कोणी रागावलं तर ऐकावं लागत नाही."

"मग तुम्ही आणि तुमच्या त्या मदर, फरक काय?"

वकील लोक फी घेतात ते उगाच नाही. मी तिला दोन दिवस फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी केला आणि विचारलं, मनमोहनला सगळं वाचायला लावायचं तर काय करावं. ती म्हणाली, साक्षीदार करा. साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असं नाही, पण आजोबा वाचल्याशिवाय वीजबिलावरही सही करत नाहीत. मात्र आमच्या कायद्यात जो साक्षीदार त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. दोन्हींपैकी एक निवडा.

मी निवडलं. मनमोहनला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही.

२ नोव्हेंबरला, आमच्या मृतांच्या स्मरणदिनी, कबरस्तानातून परतल्यावर, मी त्याला इथपर्यंतची पानं दिली. त्याने ती टेबलाशी बसून वाचली. पाचवं कलम त्याने दोनदा वाचलं.

"वजन वाढलंय असं लिहिलंस, ग्रेसीताई?"

"हो."

"आणि ती केव्हाची गेलेली."

"हो."

त्याने पानं सारखी करून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "आमच्या आईला त्या शाळेतून एक ओळ आली नाही कधी. तिकडे साता समुद्रापार पत्र जात होतं." त्याच्यासाठी यंदा आधीच तळलेल्या कुलकुल्यांच्या डब्याला हात न लावता तो निघाला. जिन्यात थांबून त्याने विचारलं, सही किती तारखेला करायची. त्याने मला माफ केलं असं मी इथे लिहीत नाही, कारण तो तसं म्हणाला नाही.

कलम ७. आता वाटणी.

शिलाई मशीन आणि वडिलांची कात्री प्रितीला, जी माझ्याकडे अकरा वर्षं कामाला येते आणि माझ्यापेक्षा सरळ शिवते. बाटली मसाल्याचं प्रमाण गॅविनच्या बायकोला. ब्रेंडाने मागितलं तर त्यातल्या तीन जिनसा गाळून द्यावं.

डिसेंबर १९६८ च्या पत्राची छायाप्रत आणि पितळी पट्टी ऋग्वेदाला.

माझी वही, जिच्यात चोवीस पलंग आणि त्यांवर झोपलेल्या दोनशे अकरा मुलींची घरची नावं आहेत, तिची मूळ प्रत दादरच्या एखाद्या मराठी ग्रंथालयाला, जिथे ती कोणीही मागून वाचू शकेल. शाळेच्या आर्काइव्हला नाही.

शाळेला वहीची एक प्रत मिळेल, ती एका अटीवर. वार्षिक समारंभात ऋग्वेदाने त्या सभागृहात उभं राहून सगळी नावं मोठ्याने वाचावीत, एथेलखाली दुर्गा त्रिलोकेकर धरून. मी घड्याळ लावून पाहिलं आहे, अठरा मिनिटं लागतात. प्रमुख पाहुण्यांना घाई असेल तर त्यांनी जावं. मध्येच कोणी टाळ्या वाजवल्या, तर तिने थांबावं आणि पहिल्या नावापासून पुन्हा सुरू करावं.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांच्या समक्ष मी सही केली. त्या दोघांनी माझ्या समक्ष केली.

ग्रेसी पास्कोल नूनिस

साक्षीदार १: एरिक डिमेलो, शेजारी, खोताची वाडी

साक्षीदार २: मनमोहन त्रिलोकेकर, फणसवाडी, कै. दुर्गा त्रिलोकेकर हिचा भाऊ (हे शेवटचे शब्द साक्षीदाराने स्वतःच्या हाताने लिहिले आहेत)

स्थळ: गिरगाव, मुंबई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५