हरताळाचा खडा आणि अपुरी पोथी

मी, श्रीमती गुणमाला अण्णाप्पा मगदूम, वय ७९, राहणार समडोळी, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. जाऊबाईंचं मत त्यांनी विचारलेलं नाही.

१. राहतं घर आणि ओढ्याच्या (खोडले: उत्तरेचा) पूर्वेचा उसाचा तुकडा मुलगा भरतेश याला. गु. अ. मगदूम.

२. देव्हाऱ्याखालच्या कपाटातला पिवळा खडा हरताळाचा आहे. माझे पती बस्तीसाठी, म्हणजे आमच्या जैन मंदिरासाठी, हाताने पोथ्या लिहीत. शास्त्राचं अक्षर खोडायचं नाही, म्हणून चुकलेल्या अक्षरावर डिंकात खललेला हरताळ लावायचा आणि वाळल्यावर वर बरोबर अक्षर लिहायचं. त्याचा तुकडा फडक्यात बांधला की पोथीला कसरही लागत नसे. पण त्यात आर्सेनिक असतं, सोमलाचंच भावंड. हे मला कुंचला ओठाला लावू देत नसत.

सून प्रियदर्शनी हिची आमच्याकडची पहिली श्रुतपंचमी, म्हणजे पोथ्यांची पूजा. पोथीच्या फडक्यात पिवळं काही बांधलेलं दिसलं, तिला ती पूजेची हळद वाटली. तिने तुकडा कुटून अभिषेकासाठी कालवला. अभिषेकाचं पाणी सगळे डोळ्यांना लावतात. मी भर बस्तीत तिच्या हातातली वाटी उडवली.

"आवं आत्याबाई, काय चुकलं माजं?"

"गप ऱ्हा. हात धू आदी."

नव्या सुनेचं नाव खराब होऊ नये म्हणून कारण कुणाला सांगितलं नाही. घरी आल्यावर तिला तेवढं सांगितलं. आता तीच म्हणते, सांगून टाका.

खडा विहिरीत, ओढ्यात, उकिरड्यावर टाकू नये. भरतेशने तो कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात नेऊन द्यावा. शोभेला ठेवायचा विचारही करू नये.

३. जाऊ ब्राह्मी हिने त्या दिवसापासून मला खाष्ट सासू म्हणून गावभर मिरवलं. तिला माझी जांभळी इरकल द्यावी. ती नेसून तिने बस्तीत खरं काय ते सांगावं. साडी चांगली आहे, मन मोठं करून देते आहे.

४. यांची अपुरी पोथी आणि बोरू प्रियदर्शनीला. हे गेल्यावर मी लिहीत होते, आता डोळे साथ देत नाहीत. तिचं अक्षर माझ्याहून देखणं आहे, पण त्या दिवसापासून ती पोथीला हात लावत नाही. "परत चुकलं तर, आत्याबाई?" एवढंच म्हणते. पोथी तिच्याच हातून पुरी व्हावी, एवढी एकच इच्छा माझी उरली आहे. बाकी मी सुखात आहे.

५. कलम एकमध्ये माझ्या हातून दिशा चुकली. भरतेश म्हणाला, कागद नवा करू. मी नको म्हटलं. वकील म्हणाले, खोडून शेजारी सही केली की कागद पक्का. प्रियदर्शनी, ती खाडाखोड नीट बघ. हरताळ लागला नाही, चूक दिसते आहे, आणि तरी उसाचा तुकडा भरतेशलाच मिळाला आहे. आता बोरू घे.

साक्षीदार, खाडाखोडीसह सर्व समक्ष:
हरिबा तुकाराम सावंत
दीपमाला जयराज चौगुले

गुणमाला अण्णाप्पा मगदूम
समडोळी, श्रुतपंचमी, ११ जून २०२४