घर वन्संच्या नावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षं बासष्ट, निवृत्त शिक्षिका, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. आजाराने शरीर पोखरलं आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव टाकू शकणारी माणसं एकतर वारली आहेत किंवा परगावी असतात. मरायची भीती वाटतेच. त्याहून जास्त भीती वाटते ती माझ्यामागे वन्संना या घरातून काढतील याची. म्हणून हा कागद.

१. वन्सं म्हणजे माझ्या पतीची थोरली बहीण. नवऱ्याने टाकल्यावर त्या माहेरी परत आल्या आणि शिवणकामावर स्वतःचं पोट भरत राहिल्या. माझे पती गेल्यावर घरात आम्ही दोघी आणि माझा मुलगा उरलो. खिडकीजवळचं शिलाई मशीन वन्संचं आहे. माझ्या वस्तूंची यादी करताना ते त्यात धरू नये.

२. हे कलम देण्याघेण्याचं नाही. वकिलांनी काढायला सांगितलं होतं, मी काढलेलं नाही.

मी लहान मुलांना अक्षरं शिकवत असे, पण माझ्याकडे पदवी नव्हती. लग्नात अर्ध्यावर सोडलेलं कॉलेज तसंच राहिलं होतं. मग नियम आला की पदवी नसलेल्यांना शाळेत ठेवायचं नाही. वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी पुन्हा नाव घातलं, आणि त्याच वर्षी डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी वाचायला बंदी केली, फक्त परीक्षेपुरती सूट दिली. मी पुस्तकं गुंडाळून माळ्यावर टाकली. वन्संनी ती खाली काढली.

त्या जेमतेम चौथी शिकलेल्या. रोज दुपारी मशीन बंद करून, बोट ठेवून, मोठ्याने वाचायच्या. गिऱ्हाइकं परत जायची. वाचताना पानाचा आकडाही वाचायच्या, ‘आकृती पाहा’ हेही वाचायच्या. मी म्हणायचे, “वन्सं, आकडे कशाला हो?” त्या म्हणायच्या, “छापलंय म्हणजे कशाला तरी लागत असेल, वहिनी. उद्या नेमकं तेच विचारलं तर माझ्या नावाने खडे फोडशील.”

ऐकून ऐकून ते सगळं डोक्यात तसंच बसलं. परीक्षेत मी एका उत्तराच्या मधोमध ‘पान बेचाळीस, आकृती पाहा’ असं लिहून आले, आणि तसं एकदाच लिहिलं नाही. समोर पुस्तक ठेवून उतरवलं, असा आरोप आला. निकाल रोखला. चौकशीला बोलावलं तेव्हा वन्सं माझ्याबरोबर आत शिरल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. टेबलावरचं पुस्तक उचलून त्यांनी उभ्यानेच वाचायला सुरुवात केली, आकड्यांसकट. एक साहेब हसले. दुसऱ्यांनी मान वर केली नाही. पण निकाल सुटला आणि मी पास झाले. माझी जागा तोवर शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी भरून टाकली होती. पुढे दुसऱ्या शाळेने घेतलं ते त्या पदवीमुळेच. वन्सं, तुमचे उपकार मी तोंडाने कधी बोलले नाही. इथे बोलते आहे.

३. त्या जुन्या शाळेतल्या शिपाईबाई माझी तासिका असताना माझा वर्ग सांभाळून मला कॉलेजात पाठवायच्या. त्यापायी त्यांनी बोलणी खाल्ली, मेमो घेतला, माझं नाव सांगितलं नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही म्हणतात. शिपाईबाई साक्षीदार आहेत, म्हणून त्यांना नुसते आभार. त्या म्हणाल्या, “बाई, तुमच्याकडे देण्यासारखं आहे तरी काय!” तेही खरंच.

४. तेव्हाच्या मुख्याध्यापिकाबाईंना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. त्या फार छान बोलतात. मी ऐकलं आहे.

५. औषधपाणी भागून बँकेत जे उरेल ते माझ्या मुलाला.

६. हे राहतं घर वन्संच्या ताब्यात <s>त्यांच्या हयातीपर्यंत</s> राहील <s>व नंतर माझ्या मुलाकडे जाईल</s>.

७. (हे कलम सह्यांपूर्वी मी माझ्या हाताने जोडलं आहे.) मागाहून वाद नको म्हणून आज मुलाला हा कागद वाचायला दिला. कलम सहा त्याने दोनदा वाचलं. मग म्हणाला, “आई, आत्या अजून किती वर्षं काढेल गं?”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. गाडी किती वाजता आहे, असं विचारावं तसं विचारलं. मी अभ्यासात बुडालेली असताना याच आत्याने त्याला भरवलं, झोपवलं, तापात मांडीवर घेतलं. त्या आत चहा करत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळाने वन्सं बाहेर आल्या, पहिला कप त्याच्याच हातात दिला आणि म्हणाल्या, “साखर बघ रे, कमी पडली असेल.” माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

म्हणून कलम सहामधले शब्द मी खोडले आहेत आणि समासात सही केली आहे. घर वन्संच्या पूर्ण मालकीचं. त्यांनी ते विकावं, दान करावं, वाटलं तर त्याच मुलाला द्यावं. पण ते त्याने त्यांच्याकडे मागायचं. आपण कधी मरतो याची कुणी वाट पाहत नाही, अशा घरात वन्संनी म्हातारं व्हावं.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

सही : (निवृत्त शिक्षिका)
साक्षीदार : १. शिपाईबाई (सही) २. उपचार करणारे डॉक्टर (सही)
ठिकाण : राहतं घर
तारीख : ३ फेब्रुवारी